आक्का, तुझा पासवर्ड

आक्का,

मागच्या आठवड्यात ऑफिसात तुझ्यासाठी आम्ही सगळे उभे राहिलो. खाली मिलमधल्या मशीन चालूच होत्या, त्यामुळे शांतता अशी काही झाली नाही. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता. दिवाळीच्या पूजेचा तो फोटो, ज्यात तू कुणाला तरी हातानं 'बाजूला सरक' म्हणते आहेस. फोटो मोठा करताना तो हात कापून टाकला होता. शेठनी मला खूण केली, "वंदनाबेन, तमे बोलो." निम्मी माणसं गुजराती, काही ओडिशाची, म्हणून मी हिंदीत बोलले. स्वभावानं मनमिळाऊ, कामाला पक्क्या, त्यांची जागा कुणी घेऊ शकणार नाही. कुणाच्याही मागे बोलतात तेच. आणि मी तुला 'वे' म्हणाले, आक्का. अहोजाहो केलं तुला.

ऐकत असतीस तर कोपरानं ढोसलं असतंस. पहिल्या दिवशी मी 'तुम्ही' म्हटलं तेव्हाच तू बजावलं होतंस, "तुम्ही म्हणालीस तर मला ऐकूच येणार नाही." म्हणून आता आपल्या भाषेत सांगते, जे तिथं सांगायचं राहिलं ते. आपली भाषा म्हणजे तरी काय, तुझी अमळनेरकडची अहिराणी आणि माझी परभणीकडची बोली, मध्ये गुजरातीची फोडणी. तू माझ्या 'करायली, जायली'ची नक्कल करायचीस, मी तुझ्या 'काय व्हयनं वं'ची. दोघींनाही एकमेकींची नीट जमली नाही कधी.

आपली ओळखच मुळी पासवर्डनं झाली. मी नवागामच्या क्लासमधून कॉम्प्युटर शिकून नुकतीच बाहेर पडले होते. वडील गवंडीकाम करायचे. घरातलं ऑफिसात जाणारं पहिलं माणूस मीच. मिलमध्ये आले तर माझं लॉगिनच तयार नव्हतं. बाहेरचा एक माणूस येऊन ते करून द्यायचा, आणि तो कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. पहिल्याच दिवशी रिकामी बसलेली दिसले तर काढून टाकतील, असं वाटत होतं. तू लांबून पाहिलंस. खुर्ची ओढत आलीस, माझ्यासमोरचा कॉम्प्युटर चालू केलास आणि म्हणालीस, "माझ्या नावानं बस. लिही. मोठा एल, मग आय, एल, ए, मग ते गोल शेपटीवालं, मग एक दोन तीन."

हे तू मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलंस. खिडकीखालच्या वॉचमनलाही ऐकू गेलं असणार. दुपारी डबा उघडलास आणि कळण्याची भाकरी अर्धी मोडून माझ्या झाकणात ठेवलीस. तेव्हा मला कळलं नाही, पण तुझ्या लेखी त्या दोन्ही गोष्टी एकच होत्या. नवीन पोरगी आली आहे, तिच्यापाशी काही नाही, आपल्यातलं द्यावं.

तसं आपल्या ऑफिसात पासवर्ड हा प्रकार कुणी मनावरच घेतला नव्हता. कामिनीबेननं तो चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या खाली चिकटवला होता. दोघातिघांचा देवीच्या नावाचा, पुढं एक दोन तीन. शेठचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या गाडीचा नंबर, आणि गाडी दिवसभर दारातच उभी. खाली गेटपाशी माल लावणारा दिलीप स्वतःचा पासवर्ड इतक्या वेळा विसरायचा, की शेवटी त्यानं नादच सोडला. तो तुझाच वापरायचा. "आक्काचा सोपा हाये," म्हणायचा.

आणि काम तर त्या पासवर्डवरच चालायचं. व्यापाऱ्यांचं कोरं कापड आपल्या मिलमध्ये यायचं, रंगून, छापून परत जायचं. आलेला प्रत्येक लॉट कॉम्प्युटरवर चढवायचा, जाणाऱ्याचा गेटपास काढायचा. ज्यानं लॉट चढवला त्याच्याच पासवर्डनं त्याचा गेटपास निघायचा, आणि गेटपास नसला तर टेम्पो हलत नाही. ज्याच्या पासवर्डनं कॉम्प्युटर उघडला असेल, त्याचं नाव त्या कागदाच्या खाली छापून येतं. त्या एका ओळीकडं कधी कुणी पाहिलं नाही.

पुढं तो बाहेरचा माणूस यायचा बंद झाला आणि शेठनी कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडं दिलं. मी संध्याकाळचा एक कोर्सही केला होता, डोक्यात नव्यानं भरलेलं होतं. मी काय केलं, तर ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदललाच पाहिजे असं लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी तू कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर.

"वंदे, हे यंत्र मला आत घेत नाही."

"बदल ना मग पासवर्ड."

तू एकशे तेवीसचं एकशे चोवीस केलंस. पुढच्या वेळी एकशे पंचवीस. मी कपाळावर हात मारला तर म्हणालीस, "बदल म्हणालीस, बदलला. आता काय आरती करू त्याची?"

आणि भाचीच्या लग्नाला गेली होतीस तेव्हाचा फोन आठवतो? तुझ्या एका लॉटवर टेम्पो अडला होता आणि कामिनीबेनला तुझा नवा आकडा माहीत नव्हता. तिनं फोन केला. मागं बँड वाजत होता. तू ओरडत होतीस, "एकशे सव्वीस! अगं सव्वीस! एल मोठा! मोठा!" बँडवाल्यांना वाटलं त्यांनाच काही सांगतेस, ते थांबले. सगळ्या मांडवात तुझा पासवर्ड स्वच्छ ऐकू गेला. तू परत आलीस तेव्हा मी चिडले होते आणि तू हसून लाल झाली होतीस. "नवरदेवाच्या काकानं विचारलं मला," म्हणालीस, "एकशे सव्वीस काय, माणसं वाढली का पंगतीत?"

मी चिडायचे ते उगाच नाही, हे तुलाही पुढं कळलं. पण फार वाईट रीतीनं कळलं.

लग्नसराईच्या तोंडावर एक मोठा लॉट चुकीच्या व्यापाऱ्याकडं गेला. दोन व्यापाऱ्यांची नावं एकच होती, फरक फक्त मार्केटचा. ज्याचा माल होता तो दारात येऊन बसला, आणि ज्याच्याकडं गेला तो फोनच उचलेना. शेठनी गेटपास मागवला. खालच्या ओळीत नाव होतं, लीला.

त्या दुपारी तू सासूबाईंना घेऊन डॉक्टरकडं गेली होतीस. तसं तू सांगितलंस. शेठ कागदावर बोट आपटत होते. "कॉम्प्युटर जूठुं बोले छे?"

"मी जागेवर नव्हते, शेठ."

"तो पासवर्ड कोणाला दिला होता?"

तू सगळ्यांकडं एकदा पाहिलंस. कामिनीबेन खाली बघत होती. मी तुझ्या शेजारीच उभी होते. "सगळ्यांना," तू म्हणालीस.

मग शेठ ते बोलले. की हल्ली अशा चुका मुद्दामही होतात, व्यापारी आतल्या माणसाला हाताशी धरतो. तुझं नाव घेऊन बोलले नाहीत, पण खोलीत बाकी कुणाचं नाव चर्चेत नव्हतंच. "तमे घरे बेसो. पछी जोईशुं." घरी बसा, नंतर बघू. तू डबा उचललास, पदर खोचलास आणि जिना उतरलीस. मी खिडकीतून पाहत होते. गेटवर वॉचमन नेहमीसारखा 'आवजो' म्हणाला आणि तू नेहमीसारखं त्याच्याकडं बघून हसलीस. तुझं ते हसणं पाहून मला रडू आलं.

मी कामाला लागले. कुठल्या माणसाच्या नावानं एन्ट्री झाली ते कागदावर दिसतं, पण कुठल्या कॉम्प्युटरवरून झाली तेही आत नोंदलेलं असतं, फक्त शोधावं लागतं. मला सापडलं. गेटपाशी ठेवलेला कॉम्प्युटर. तिथं एकटा दिलीप बसायचा.

मी शेठकडं गेले नाही, आधी तुझ्याकडं गोडादऱ्याला आले. मला वाटत होतं, तू मला मिठी मारशील. तू खाटेवर साड्यांना फॉल लावत बसली होतीस. शेजारणीनं आणून दिलेलं काम. घरात बसून हात रिकामे ठेववत नव्हते तुला. "बठ," म्हणालीस. मी धापा टाकतच सांगितलं. तू सुई थांबवली नाहीस.

"शेठला सांगितलंस?"

"नाही. आधी तुला."

"मग सांगू नको."

मला काही कळेना. मी आवाज चढवला. तिकडं लोक तुला चोर म्हणायलेत, आक्का, आणि तू इथं फॉल लावत बसलीस! तू म्हणालीस, चोर कुणी नाही. त्या पोरानं यादीत वरचं नाव दाबायच्या ऐवजी खालचं दाबलं असेल, त्याला कळलंही नसेल. आणि आता कळलं असेल, तर त्याची काय हालत असेल? बायकोला दिवस गेलेत. कोसाडला भाड्याची खोली आहे.

"आणि तुझी हालत?"

"माझं मी बघते. त्याला स्वतःहून सांगू दे. तू जाऊन सांगितलंस तर तो पकडलेला. तो जाऊन सांगेल तर चुकलेला. त्यात फरक आहे का नाही?"

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. तुझं नाव येणार नाही."

मी रागानंच उठले. तुझी सून चहा घेऊन आली होती, तो न घेता निघाले. वाटेत रिक्षात बसून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. अजूनही त्या भांडणात मला वाटतं की मी बरोबर होते. तू त्याला वेळ दिलास तो स्वतःच्या अब्रूतून काढून दिलास, आणि तसा कुणी देऊ नये. पण दिलास तू.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू मिलच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर येऊन बसलीस. आत आली नाहीस. दिलीपला निरोप गेला. तो आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मला वरून दोघांची पाठ दिसत होती. मग तू खारी मोडलीस आणि अर्धी त्याच्या बशीत ठेवलीस. त्यानं तोंड शर्टाच्या बाहीत खुपसलं. नंतर त्यानंच मला सांगितलं तुम्ही काय बोललात ते. तो म्हणाला होता, "आक्का, मले समजलंच नाही. समजलं तवा भीती वाटली." आणि तू एवढंच म्हणालीस, "भीती मलाही वाटते आहे, दिलीप. चल, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

तो जिना चढून शेठच्या केबिनमध्ये गेला. शेठचा आवाज खालपर्यंत ऐकू गेला. पोलीस, नोकरी, नुकसान, सगळे शब्द आले. आणि तू न बोलावता मागोमाग आत शिरलीस.

"शेठ, चूक त्याच्या हातची, पण पासवर्ड माझ्या हातचा. ओरडायचं तर दोघांना ओरडा."

शेठ खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, "लीलाबेन, मी तुम्हाला कधी चोर समजलो नाही."

"मग घरी कशाला बसवलंत?"

शेठनी दिलीपकडं वळून माल कुठं आहे ते विचारलं. दिलीपनं टेम्पोवाल्याला विचारून माल उतरवलेलं गोडाऊन सांगितलं, आपली माणसं तिथं गेली. बराचसा माल गठ्ठ्यातच पडून होता, तो परत आला. दिलीपची नोकरी राहिली. तू तुझ्या जागेवर आलीस तर तुझ्या खुर्चीत कुणीतरी फायलींचा ढीग ठेवला होता. तो उचलताना तुझ्या हातातून दोन फायली खाली पडल्या. मी वाकले तर म्हणालीस, "राहू दे, मी उचलते." त्या एका क्षणात मला दिसलं, तुला किती लागलं होतं.

त्यानंतर शेठनी फर्मान काढलं. ज्याचा त्याचा पासवर्ड, कुणी कुणाला सांगायचा नाही, सांगितला तर दोघंही घरी. मला वाटलं आता तू माझ्याशी पहिली भांडशील. तर तू खुर्ची ओढत आलीस. अगदी माझ्या पहिल्या दिवशी आली होतीस तशी. "शिकव," म्हणालीस. "मला आठवेल असा, आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असा."

मी सांगितलं, पोरांची नावं नकोत, देवाचं नको, गावाचं नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घे, पण ते का घेतले ते तुला ठाऊक असलं पाहिजे. तू विचार करत बसलीस. चहा आला, त्यावर साय धरली. मध्येच एकदा तू खुदकन हसलीस. मग म्हणालीस, "तोंड फिरव."

मी भिंतीकडं तोंड केलं. एका बोटानं टाइप करायचीस तू, एकेक अक्षर शोधून. भिंतीकडं बघत मी ते ऐकत होते. संपता संपेना.

"केवढा ठेवलास, आक्का?"

"तुला काय करायचंय?"

त्या दिवसापासून तुझा एक सोहळाच सुरू झाला. सकाळी यायचीस, पदर सारखा करायचीस, डावीकडं बघायचीस, उजवीकडं बघायचीस, आणि मग बोट उचलायचीस. टाइप करताना तुझे ओठ हलायचे. कामिनीबेन आणि मी तुझ्या ओठांकडं बघून ओळखायचा प्रयत्न करायचो. कधी जमलं नाही. विचारलं की तू अशी बघायचीस, जणू आम्ही तुझ्या माहेरच्या पेटीला हात घातला.

एकदा घरी जाताना रिक्षात तू मला त्याचं कारण सांगितलंस. पाचजणं कोंबलेली होती, तू माझ्या कानाजवळ बोलत होतीस. "कपाटाची चावी सासूबाईंकडं. एटीएमचं कार्ड ह्यांच्याकडं, त्याचा नंबरही ह्यांनाच पाठ. मोबाइल कसा उघडतो ते पोराला ठाऊक, सुनेला ठाऊक, नातवालासुद्धा ठाऊक. मी काही तक्रार करत नाही वं. पण एवढ्या वर्षांत हे एकच असं काही आहे, जे मला एकटीला माहीत आहे." मग तू हसलीस आणि बाहेर बघायला लागलीस. मी नियम शिकवले होते, कॉम्प्युटर सुरक्षित राहावा म्हणून. तुला त्यातून काय मिळालं होतं, ते माझ्या कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं.

आणि तरीही भांडलीस तू माझ्याशी. तेच तर तुझं होतं. स्वतःच्या सुखाचा विषय असला तरी दुसऱ्याचं दुखणं तुला दिसायचं. कामिनीबेनच्या मुलीचा शाळेत हात मोडला, त्या दिवशी. शाळेतून फोन आला आणि कामिनीबेनचे गेटपास निघायचे होते, खाली टेम्पो उभे. पूर्वी तू म्हणाली असतीस, "जा तू, मी टाकते तुझ्या एन्ट्र्या," आणि ती पर्स घेऊन पळाली असती. तू त्या दिवशीही तेच म्हणालीस. पण कामिनीबेन पासवर्ड सांगेना. तिला दिलीप आठवत होता, शेठ आठवत होते. रडत रडत तिनं सगळे गेटपास स्वतः काढले आणि मग गेली. ती पोचेपर्यंत पोरीच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं.

तू माझ्या टेबलाशी आलीस. "बघितलंस?"

"काय करू मी? नियम शेठचा आहे."

"नियम शेठचा, भीती तुझी. तू घातलीस ती. आधी आपण एकमेकींना घरी पाठवू शकत होतो, वंदे. आता ज्याची त्याची खुर्ची, आणि ज्याचं त्याचं मरण."

"आणि तुला घरी बसवलं होतं ते विसरलीस? दिलीपची रोजीरोटी जाणार होती ते?"

"नाही विसरले."

"मग?"

"मग काही नाही. तुझंही खरं आहे. पण हे बरोबर नाही."

असं आपण किती वेळा भांडलो असू! डब्यावर, रिक्षात, एकदा तर लोचो खाताना गाडीवाल्यासमोर, तो बिचारा घाबरून म्हणाला, "बेन, मसालो वधारे पडी गयो?" दरवेळी तू मला म्हणायचीस की शोध काहीतरी, तुझं डोकं आहे. मी म्हणायचे, असं काही नसतं, आक्का, एकतर कुलूप असतं किंवा नसतं. आणि तू तोंड वाकडं करायचीस. तो वाद संपायचा होता. तुझं दुखणं मध्ये आलं.

हॉस्पिटलात मी शेवटचं आले तेव्हा तू बरी वाटत होतीस. हाताला सलाईनची सुई, पण डोळे तेच. तुझ्या उशाशी सून बसली होती, तिला तू चहा प्यायला खाली पिटाळलंस. आधी कोणकोणते लॉट अडले ते विचारलंस. मग म्हणालीस, "कान इकडं कर. सांगून ठेवते."

"काय?"

"पासवर्ड. काम अडायला नको."

मला हसू आलं. म्हटलं, "आक्का, मला तो लागतच नाही. मी माझ्याकडून तुझा बदलू शकते."

तुझा चेहरा उतरला. "म्हणजे तुला आधीपासून दिसत होता?"

"नाही गं. बदलता येतो. पण तू काय ठेवला आहेस ते मला दिसत नाही. कॉम्प्युटर कुणालाच दाखवत नाही."

"शेठला?"

"शेठलापण नाही."

"खरंच?"

"तुझी शप्पथ."

तू उशीवर मान टेकवलीस. तुझ्या तोंडावर ते पासवर्ड ठरवतानाचं हसू आलं, तोंड फिरव म्हणण्याच्या आधीचं. "मग राहू दे," म्हणालीस. "राहू दे माझ्यापाशीच."

मग तू मला घरचं विचारलंस, आईच्या गुडघ्यांचं विचारलंस, सून वर आली, मी निघाले. दारातून वळून मला म्हणायचं होतं की आक्का, मला पहिल्या दिवशी खुर्ची दिलीस, तुझं नाव दिलंस वापरायला. तुझ्या नावावर बसून मी कामाला लागले. ते बोलायचं राहिलं. हॉस्पिटलच्या दारात असं बोललं तर शेवटचं बोलल्यासारखं होईल, म्हणून मी 'येते परवा' म्हणाले.

सोमवारी शेठनी तुझं खातं बंद करायला सांगितलं. माणूस गेलं की करावंच लागतं. तुझे राहिलेले लॉट दिलीपच्या नावावर टाकले. तो आता वर बसतो, तुझ्या शेजारच्या टेबलावर, आणि पासवर्ड विसरत नाही. पासवर्ड नवीन घालून तुझ्या खात्यात शिरता आलं असतं मला. शिरले नाही. बाहेरूनच बंद केलं. मन मात्र धावत होतं, कुठले चार-पाच शब्द असतील? त्या चहावरच्या सायीबरोबर काय आठवलं असेल तुला, की हसलीस? मग मीच मला थांबवलं. भिंतीकडं तोंड फिरवल्यासारखं केलं.

आणि एक केलं, आक्का. असं काही नसतं म्हणायचे ना मी? मी शोधलं. अवघडही नव्हतं फार, इतके दिवस भांडण्याच्या नादात शोधलंच नव्हतं. आता प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिला आहे. एकाला जावं लागलं तर त्याची कामं जोडीदाराच्या स्क्रीनवर येतात, आणि जोडीदार ती स्वतःच्या पासवर्डनं करतो. गेटपासवर दोघांची नावं छापून येतात, काम कुणाचं आणि केलं कुणी. पासवर्ड कुणी कुणाला द्यायचा नाही. शेठना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "लीलाबेन आवुं ज कहेता हता ने?" म्हटलं, हो, हेच सांगत होती.

काल दुपारी ज्योतीच्या पाळणाघरातून फोन आला, बाळाला ताप आहे म्हणून. ज्योती म्हणजे तू ऑफिसातून जायच्या थोडं आधी लागलेली, डिंडोलीची. ती पर्सवर हात ठेवून नुसतीच उभी, जावं की नाही कळेना तिला. दिलीप तिचा जोडीदार. त्यानं स्क्रीनवरून मानही वर केली नाही. "जा ना तू, मी हाये," म्हणाला.

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मॅडम, ही सोय आधी नव्हती का हो?"

"होती की," मी म्हटलं. "लीलाआक्का नावाची होती."